कोणासंगं तक्रार न्हाई

सुमनअक्का, तुमच्या तेराव्याला मी हसनाबादला आले होते. तुम्ही कशा गेलात ते मला तिथं चार जणींनी चार तऱ्हांनी सांगितलं, ते इथं पुन्हा लिहीत नाही. जेवणं आटोपल्यावर तुमची सून कावेरी मला आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लोटलं आणि म्हणाली, "मॅडम, आत्या तुमचं नाव लई काढायच्या. शेवटी शेवटी दोनदा म्हणल्या मला, मॅडम कवा भेटल्या तर सांग, माही त्यांच्यासंगं काई तक्रार न्हाई."

कावेरीला वाटलं, मला बरं वाटेल. मी ओढणी तोंडाला लावली तशी तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. पोरगी गुणाची आहे. तिला काय ठाऊक, की हे वाक्य कसं वाचायचं ते मला तुम्हीच शिकवलं होतं, आणि तुम्ही शिकवलंत तसं वाचलं तर त्यात माझी सुटका नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली. एकदा तर अगदी तोंडाशी आली होती, तेव्हाही गिळली. आता सांगायला बसले आहे तर तुम्ही नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती कागद घेऊनच. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शर्टांच्या कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी आणि तुम्ही कॉलर लावणाऱ्या. कॉलर वाकडी बसली की अख्खा पीस परत येतो, म्हणून ते मशीन कोणालाही देत नाहीत, हे मला तुम्हीच सांगितलंत, जरा मान वर करून. माझ्याकडे दर महिन्याला एक छापील कागद असायचा. 'आपली काही तक्रार आहे काय?' आणि खाली होय, नाही असे दोन चौकोन. मी लाइनीतून विचारत जायचे, आणि बायका मशीनवरची नजर न काढता म्हणायच्या, "न्हाई मॅडम, आमची कोणासंगं तक्रार न्हाई." मी 'नाही'च्या चौकोनात खूण करायचे. महिनाअखेर मुख्य कार्यालयाला अहवाल जायचा: प्राप्त तक्रारी, निरंक. निरंक हा शब्द मला फार आवडायचा. टापटीप शब्द आहे. माल घेणाऱ्या कंपनीचे तपासनीस आले की मी ती फाइल पुढे सरकवायचे आणि ते समाधानानं मान डोलवायचे.

माझी भाषा हा माझा लहानपणापासूनचा तोरा होता. नवीन जालन्यात वाढले, वडील कचेरीत हेडक्लार्क. घरात कोणी 'न्हाई' म्हटलं की वडिलांचा घास हातातच थांबायचा, आणि 'नाही' असं म्हणून दाखवल्याशिवाय तो पुढे जायचा नाही. शाळेत निबंधाला आणि हस्ताक्षराला बक्षिसं. नोकरीला लागले तेव्हा वाटलं, बायकांचं बोलणं नीट शुद्ध करून वर पोचवणं, हेच तर माझं काम आहे.

तुम्ही एकदा जेवणाच्या सुट्टीत मला हाक मारून शेजारी बसवलंत. तुमच्या गावची शोभा तुमच्या पलीकडे होती. डब्यात ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. माझ्यापुढे अर्धी भाकरी सरकवलीत आणि विचारलंत, "मॅडम, तुम्ही दर महिन्याला बायांना तसं कामून इचारता?"

"तसं म्हणजे कसं?"

"का तू भांडखोर हाईस का म्हणून."

मला काही कळेना. शोभा तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मग तुम्ही घास हातात तसाच धरून मला समजावलंत, एखाद्या पोराला समजवावं तितक्या सावकाश. "आमच्याकडं तक्रार म्हंजी भांडण. बांधावरून भावाभावाची तक्रार ऱ्हाती. जावाजावांची तक्रार ऱ्हाती. तुम्ही इचारता, तक्रार हाय का. बाई म्हंती, न्हाई बाई, माही कोणासंगं तक्रार न्हाई, मी आपली गरीब. तुम्ही लगेच खूण करता. तिचं बोट सुईखाली गेलेलं असंल, तरी ती न्हाईच म्हणल. सुईसंगं काय तक्रार करायची?"

मी तेव्हा काय केलं आठवतं? मी तुम्हाला शब्दाचा अर्थ सांगितला. खुपणारी गोष्ट योग्य ठिकाणी सांगणं म्हणजे तक्रार, असं काहीतरी. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमच्या पुस्तकात असंल. मंग तुमचा शब्द तुमच्या कागदावर ऱ्हाऊ द्या. तोंडानं इचारताना दुसरं इचारा. कुठं अडून राह्यलं, असं इचारा."

"असं विचारलं तर घरातलं सगळं बाहेर निघेल, अक्का. मी ते कुठं लिहू?"

"निघू द्या ना. आधी सासू निघंल, मंग नवरा निघंल, अन् त्याच्यामागून कारखाना निघंल. एकदम कारखाना कोण काढतंय?"

हा वाद आपण वर्षभर घातला. जिना चढताना, कारखान्याच्या गाडीला उशीर झाला की फाटकात उभ्या राहून. समितीचं नावच तक्रार निवारण समिती आहे, कायद्यात तोच शब्द आहे, छापील कागद मुख्य कार्यालयातून येतो, अशी माझी उत्तरं तयार असायची. ती खोटी नव्हती. पण खरं कारण मी कधी उच्चारलं नाही, ते आज उच्चारते. तुमच्यासारखं विचारलं तर निरंक जाईल, याची मला भीती वाटायची. माझ्या आधीच्या बाईंच्या काळात अहवालात पाच-सहा नोंदी गेल्या, तर वरून विचारणा आली होती की तुमच्याकडेच एवढ्या तक्रारी कशा. त्या बाई पुढे टिकल्या नाहीत. मला टिकायचं होतं.

तुम्ही मात्र थांबला नाहीत. मी विचारत नाही म्हटल्यावर स्वतःच विचारत फिरलात, आणि एक दिवस पासाची गोष्ट घेऊन माझ्या केबिनमध्ये आलात. मला पासाबद्दल माहीत होतं, पण पाहूनही न पाहिल्यासारखं होतं. सुपरवायझरच्या टेबलाला लाल दोरीनं एक लाकडी फळी टांगलेली. बाथरूमला जायचं तर ती फळी हातात घेऊन जायचं. अख्ख्या लाइनीला एकच. गेलेली बाई परत आल्याशिवाय दुसरीनं उठायचं नाही. तुम्ही तुमच्या भाषेत सगळं सांगितलंत, त्यात बायका दिवसभर कशा आवळून बसतात तेही होतं, आणि मी ऐकताना खाली बघत होते. मग मी नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'महिला कामगारांना प्रसाधनगृहाच्या वापराबाबत अधिक सुविधा अपेक्षित आहेत.'

पंधरा दिवसांत सुविधा आल्या. बाथरूममध्ये एक मोठा आरसा लागला, नळावर साबण आला, कोपऱ्यात सुगंधी गोळ्या टांगल्या. मी मोठ्या उत्साहानं तुम्हाला विचारायला आले. तुम्ही मशीनवरून मान वर केलीत आणि म्हणालात, "आरसा झकास हाय, मॅडम. आता तिथवर जायाला पास सुटला की तोंड पाहून घेते." सगळी लाइन हसली, मीही हसले. आणि केबिनमध्ये येऊन त्या नोंदीपुढे 'निवारण झाले' असं लिहिलं. त्या दिवशीच्या माझ्या हसण्याची मला आता लाज वाटते.

मग कल्पना पडली. तुमच्याच लाइनीत बटणांच्या मशीनवर बसणारी, नवीन लग्न झालेली, चार महिन्यांची गरोदर. कारखान्यात तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. पासासाठी सारखं उठावं लागू नये म्हणून सकाळी गाडीत बसल्यापासून संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नव्हती. एका दुपारी मशीनवरच मान टाकली. सुपरवायझरनं लिहिलं, उपाशीपोटी आल्यामुळे चक्कर. तिला गाडीत झोपवून तुम्ही सरळ माझ्याकडे आलात. त्या दिवशी तुम्ही मस्करी केली नाहीत.

"तिचं नाव ल्हिवू नका. सासरच्याला कळलं तर उद्यापासून घरी बसवतील. ती म्हंती, मला काम सोडायचं न्हाई."

मी म्हणाले, नावाशिवाय नोंद घेता येत नाही. निनावी तक्रारीची दखल घेत नाहीत, तसा नियमच आहे.

"मंग माहं टाका."

मी तुमचं नाव लिहिलं. आणि तुम्ही काही विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "तुमचं नाव या कपाटाच्या बाहेर जाणार नाही, अक्का." वही आत ठेवली, कुलूप लावलं आणि तुम्हाला किल्ली दाखवली. तुम्ही म्हणालात, "किल्ली कशाला दाखवून राह्यल्या? तुम्ही म्हणल्या, बास झालं."

त्या वेळी मी पहिल्यांदा तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते, एवढं माझ्या बाजूनं नोंदवते. 'पास एकच असल्यामुळं बाया पाणी पिऊन न्हाई राह्यल्या.' समितीच्या बैठकीत मी ते वाचलं. प्रॉडक्शन मॅनेजर होते, ऑफिसातले दोघं होते आणि कामगारांच्या वतीनं शोभा होती. मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. "कोण म्हणतं असं? पाणी प्यायला कोणी अडवलंय? कोणीतरी उठवलेली गोष्ट दिसते. पुढचा विषय घ्या."

आणि मी म्हणाले, "नाही सर, कॉलरच्या सुमनबाईंनी सांगितलंय. जुन्या आहेत, खोटं बोलणाऱ्या नाहीत."

एवढंच. कोणी मला दरडावलं नव्हतं, कोणी नाव काढून घेतलं नव्हतं. दरडावलं असतं तर बरं झालं असतं, सांगायला काही कारण तरी असतं. मी ते अभिमानानं म्हणाले, अक्का. मला वाटलं, तुमच्या नावाला वजन आहे, नाव घेतलं की गोष्ट खरी ठरेल. शब्द तोंडातून गेल्यावर मला किल्ली आठवली. शोभानं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि बैठक संपेपर्यंत मान वर केली नाही.

तुमच्या नावाला वजन होतंच. त्या बैठकीत प्रत्येक लाइनीला दोन पास मंजूर झाले. आणि पुढच्या आठवड्यात तुमची कॉलरवरून धागे कापायच्या टेबलावर बदली झाली. कागदावर कारण होतं, कामाच्या गरजेनुसार. तिथलं काम उभ्यानं करायचं असतं, आणि तुमचा उजवा गुडघा काय होता ते मी जिन्यावर रोज पाहत होते. मी मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, यात शिक्षा कुठं दिसली तुम्हाला? कारखाना तोच, छप्पर तेच." मी परत आले. नोंदवहीत त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही, कारण तक्रार करायला तुम्ही आला नव्हता. असा मी नियम पाळला.

तुम्ही तक्रार केलीत ती शोभाकडे. गाडीत, सगळ्यांसमोर. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही दोघी एका गावच्या, गाडीत एका बाकावर बसणाऱ्या, एकीच्या डब्यातलं वांगं दुसरीच्या डब्यात. तुम्ही तिला म्हणालात म्हणे, "मीटिंगमंदी आपल्यातली तूच एकटी व्हतीस. माहं नाव तिथं गेलं कसं?" शोभा काही बोलली नाही. तुम्ही उठून मागच्या बाकावर जाऊन बसलात, आणि त्यानंतर त्या बाकावर परत आला नाहीत. महिना-दीड महिना उभ्यानं धागे कापलेत. मग गुडघ्याचं कारण सांगून काम सोडलंत. तुमच्या कागदावर मी लिहिलं, वैयक्तिक कारण.

संशय घ्यायला त्या खोलीत पाच माणसं होती. तुम्ही माझ्यावर घेतलाच नाही, कारण मी तुम्हाला शब्द दिला होता.

त्याच दिवशी मी लाइनीत येऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी वाटलं, वातावरण निवळू दे. मग वाटलं, शोभाच सांगेल, तिथंच तर बसली होती. मग तुम्ही काम सोडलंत, आणि वाटलं, आता मुद्दाम हसनाबादला जाऊन कशाला जखम उकरायची. माणसाला न करण्याची कारणं किती सहज सुचतात. मला तर ती शुद्ध मराठीत सुचायची.

मग त्या दुपारी तुम्ही नवीन जालन्यात भेटलात. स्टेशनच्या रस्त्याला बियाण्याच्या दुकानाबाहेर तुम्ही सावलीला बसला होतात, मुलगा आत बियाणं घेत होता. मला पाहून तुम्ही खरोखर आनंदलात. हाताला धरून रसाच्या गाड्यावर नेलंत, "बिन बर्फाचा द्या मॅडमला, घसा बसतो त्यांचा," हे तुमच्या लक्षात होतं. कल्पनाला मुलगी झाल्याचं तुम्हीच मला सांगितलंत, तिच्या माहेरी बारशाला जाऊन आला होतात. दोघी सुखरूप आहेत म्हणालात. मग ग्लास खाली ठेवून विचारलंत, "शोभा हाय का अजून तिथंच?"

"आहे."

"बरी हाय?"

"बरी आहे."

"मी लई बोलले तिला. समद्या गाडीसमोर बोलले. बाईनं एक शब्द काढला न्हाई तोंडातून." मग माझ्याकडे वळलात. "खोटं असतं तर बोलली नसती का ती? तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा, म्हणालात. याहून सरळ तुम्ही काय विचारणार होता? माझ्या तोंडात रस होता, तो मी गिळला, आणि त्याबरोबर जे सांगायचं ते गिळलं. म्हणाले, "जाऊ द्या अक्का, झालं गेलं." तेवढ्यात तुमचा मुलगा पिशवी घेऊन आला, मोटारसायकल सुरू झाली, तुम्ही मागे बसून हात हलवलात. मी रसाचे पैसे द्यायला वळले तर तुम्ही आधीच दिले होते.

थोडं तुमच्यावरही रागावते मी, अक्का. रागावू द्या. तुम्ही इतक्या शहाण्या, बायकांच्या 'न्हाई'तून सगळं ऐकणाऱ्या, तुम्हाला माझं 'जाऊ द्या' ऐकू आलं नाही? एकदा तोंडावर विचारलं असतंत, मॅडम, तुम्ही तर न्हाई सांगितलं? मला खोटं बोलता आलं नसतं. निदान मला तसं वाटतं. पण माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आणि ज्या बाईनं वर्षानुवर्षं तुमच्या डब्यातलं खाल्लं तिच्यावर एवढासा ठेवता आला नाही? हे लिहिताना माझंच मला कळतंय, की चूक माझी आणि रुसून बसले आहे तुमच्यावर. तरी लिहिलेलं खोडत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बोला बोला, निघू द्या.

तुम्ही काम सोडल्यावर माझ्या केबिनमध्ये कोणी आलं नाही. एकही बाई नाही. मी लाइनीत जाऊन कधी कधी तुमच्यासारखं विचारून पाहिलं, कुठं अडतंय का. माझ्या तोंडी ते उपरं वाटायचं, बायका हसून मशीन चालू करायच्या. अहवाल पुन्हा निरंक जाऊ लागले आणि वरून पुन्हा शाबासकी येऊ लागली. माझी खुर्ची पक्की झाली. मी टिकले.

तेराव्याला शोभा आली होती. उंबऱ्याजवळ बसली होती. तुमच्या घरच्यांनी तिला ताट वाढलं, पण वाढणाऱ्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या. तुमच्या फोटोला हळदकुंकू वाहायला ती उठली तेव्हा बायका बाजूला सरकल्या त्या जरा जास्तच सरकल्या. मी हे सगळं पाहत होते, माझ्या पानात दुसऱ्यांदा खीर वाढली जात होती, आणि कावेरीचा निरोप अजून यायचा होता. तो आला तेव्हा मला कळलं की तुमची माझ्यासंगं तक्रार असणार कशी? माझ्या वाटची तुम्ही शोभासंगं केली होती.

निघाले तर शोभा मला स्टँडपर्यंत सोडायला आली. जालन्याची बस यायला वेळ होता. मी विचारलं, "शोभा, तू अक्कांना खरं का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? मॅडमनं सांगितलं म्हणून?"

"हो."

"मंग दुसऱ्या दिवशी कल्पना तुमच्याकडं आली असती का? तिला पुढचे पाच महिने काढायचे व्हते तिथं. बाकीच्या बाया आल्या असत्या का? आम्हाला तुमचाच एक दरवाजा उघडा व्हता, मॅडम. तो बी लावून घेऊ का? मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. अक्काचं काय, आज बोलती, उद्या माया करती." ती रस्त्याकडे बघत होती. "अन् तुम्ही सांगाल, असं बी वाटलं व्हतं. मला काय म्हाईत ती एवढी जल्दी जाईल."

माझा दरवाजा उघडा राहावा म्हणून तिनं तुमचा अबोला सोसला, अक्का. आणि त्या दरवाजातून पुढे कोणीच आत आलं नाही. हे मी तिला सांगणार होते, पण ते तिला माझ्याआधी माहीत होतं. मी म्हणाले, सोमवारी मी सगळ्या लाइनींसमोर खरं सांगते. ती म्हणाली, "सांगा. पर जिला सांगायचं व्हतं ती गेली." बस आली, मी चढले, ती खालूनच वळली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये उभी राहिले आणि सांगितलं. बायका जेवायच्या थांबल्या.  मग पुन्हा डबे वाजू लागले, आणि मी केबिनमध्ये येऊन बसले. मॅनेजरपर्यंत गोष्ट गेली असेल, अजून बोलावणं आलेलं नाही.

सुट्टी संपायच्या आधी शोभा आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "ल्हिवून घ्या. माही तक्रार हाय, तुमच्यासंगं."

'तुमच्याविरुद्ध' नाही म्हणाली, 'तुमच्यासंगं' म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही. कपाट उघडलं, वही काढली. तक्रारदार या रकान्यात तुझं नाव घालू का, विचारलं. ती म्हणाली, "टाका. आता कोण काय करतंय मला? पर ह्या खेपी वाचून दाखवा काय ल्हिवलं ते." कोणाविरुद्ध, या रकान्यात मी माझं नाव घातलं. खालच्या जागेत लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं, 'मॅडमनी सुमनअक्कांचं नाव बैठकीत सांगितलं आणि नंतर गप्प राहिल्या.'

शोभानं मान हलवली. "गप राहिल्या, हे खोडा. गप तर मी बी ऱ्हायले. असं ल्हिवा, का दोन वर्षं आम्हा दोघींला येकमेकीसंगं बोलू दिलं न्हाई, अन् आता ती न्हाई."

अक्का, मी तसंच लिहिलं.